डाव्या हाताची नोंद

हल्ली अपघाताचा निकाल रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचत असे. गाडीत बसवलेली चालकनोंद नावाची यंत्रणा चालकाचे डोळे, हात आणि पाय सेकंदाला शंभर वेळा टिपायची आणि धडक होताच आपला जबाब पाठवून मोकळी व्हायची. कऱ्हाडच्या अपघात-तपासणी केंद्रात निरीक्षक सरोज दुदुस्कर यांच्याकडे काम उरलं होतं ते त्या जबाबाखाली सही करण्याचं. निवृत्तीला सात महिने होते, आणि ते कसे ढकलायचे याच विचाराने बाई दमून गेल्या होत्या.

त्या सकाळी समोर बसला होता हसन शिकलगार, वय बासष्ट. पाटण खोऱ्यातल्या रुग्णांना डायलिसिससाठी कऱ्हाडला आणणारी व्हॅन तो चालवायचा. गेल्या आठवड्यात अक्काताई साळुंखेंना त्यांच्या घरासमोरच्या चढावर उतरवताना थांबलेली व्हॅन अचानक मागे सरकली, गर्रकन वळली, आणि तिच्या तोंडाचा धक्का बसून अक्काताईंचं खुब्याचं हाड मोडलं. या व्हॅनला हँडब्रेक नव्हता. थांबली की मागच्या चाकांना आपोआप विजेची पकड बसायची. ती पकड का सुटली याची चौकशी निराळी चालू होती. सरोजबाईंना एवढंच ठरवायचं होतं, की चालकाने गाडी वेळेत का थांबवली नाही.

यंत्रणेने ते ठरवलंही होतं. ‘धोका सुरू होताच चालकाचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटून आसनाशेजारी गेला. अवधी १.८ सेकंद. कारण : खाली पडलेली वस्तू, बहुधा मोबाईल, शोधणे. निष्कर्ष : निष्काळजीपणा.’ म्हणजे परवाना कायमचा रद्द आणि वर खटला.

“फोन मागं पिशवीत हुता, मॅडम,” हसन म्हणाला. “पन मशीन म्हनतंय म्हंजे मी कायतरी केलंच आसंल. मलाच आठवत न्हाई. अक्काताईची लेक दवाखान्यात म्हनली, मामा, माझ्या आईपेक्षा फोन मोठा हुता का? तवापासनं घास उतरत न्हाई.”

सरोजबाईंनी चित्रफीत लावली ती निव्वळ रिवाज म्हणून. डावा हात खाली गेला. त्याची मूठ वळली, अंगठा वर राहिला, कोपर मागे गेलं आणि खांदा उचलला गेला. बाईंनी फीत मागे नेली, पुन्हा पाहिली. पडलेला मोबाईल शोधणारा माणूस बोटं पसरून चाचपडतो, मूठ आवळून खांद्याचा जोर लावत नाही. मूठ वर आल्यावर हसन खाली पाहून गोंधळला होता आणि मग कुठे त्याने पायाचा ब्रेक दाबला होता.

“हसनभाई, गाडी शिकलात कशावर?”

“वडापच्या जीपवर, गावोगावची शिटं भरायची. पावर स्टेरिंग कसलं आलंय, उभ्या गाडीचं चाक फिरवायचं म्हंजे घाम निघायचा. आन् चढाला हँडब्रेक कचकचून वडला न्हाई तर गाडी ठरायचीच न्हाई.”

बाई उठल्या. आवारातल्या उतारावर तीच व्हॅन उभी होती. मागच्या चाकांपासून हातभर अंतरावर त्यांनी दगड लावले, हसनला आत बसवलं, गप्पा मारत राहिल्या आणि न सांगता तपासणीच्या रिमोटवरून चाकांची पकड सोडली. व्हॅन हलली. हसनचा डावा हात विजेसारखा खाली गेला आणि हवा ओढून वर आला. तोवर गाडी दगडांना टेकली होती.

हसन स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. “ह्यो हात कुठं गेला हुता, मॅडम?”

“हँडब्रेकला.”

“गाडीला हँडब्रेकच न्हाई की.”

“हे तुमच्या हाताला कुणी सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं.

पण हसनचं लक्ष आता उजव्या हाताकडे होतं. स्टिअरिंग पार उजवीकडे टोकाला जाऊन थांबलं होतं. मागे सरकणाऱ्या गाडीची शेपूट डोंगराकडच्या बांधाला टेकवून ती अडवायची, हा घाटातला जुना उपाय. जीपचं जड चाक एका हाताने जेमतेम पाव फेरा फिरलं असतं. या व्हॅनमध्ये स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी दांडा नव्हता, फक्त तारेतून जाणारा हुकूम होता, आणि तो एका बोटाच्या जोरावर पुरा व्हायचा. हसनने त्याला जीपचा जोर लावला होता.

“म्हंजे तोंड फिरलं ते माझ्यामुळं,” तो हळूच म्हणाला. “वाचवायला गेलो आन् मीच धडक दिली.”

“हो,” सरोजबाई म्हणाल्या. खोटं बोलून धीर देण्याचं वय दोघांचंही उरलं नव्हतं.

आत येऊन त्यांनी यंत्रणेचा निष्कर्ष खोडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘नसलेला हँडब्रेक ओढला. जड स्टिअरिंगच्या सवयीने चाक जास्त फिरवले. निष्काळजीपणा नाही.’ यंत्रणा क्षणभर थांबली आणि पडद्यावर अक्षरं उमटली : ‘नवे कारण नोंदवले. ही सवय पन्नाशीपुढील बहुतांश व्यावसायिक चालकांत संभवते. त्या सर्वांचे परवाने फेरचाचणीपर्यंत स्थगित होतील. मान्य नसल्यास मूळ निष्कर्ष कायम राहील.’ खाली दोनच चौकोन होते, मान्य आणि अमान्य. फेरचाचणीची रांग दीड वर्षाची आहे, हे सरोजबाईंना पाठ होतं.

हसनने ते दोनदा वाचलं. “खोऱ्यात आमच्या पाच व्हॅनी हायत. पाचींवर माझ्याच वयाची मानसं. आपोआप चालनाऱ्या गाड्या त्या वाटंला येत न्हाईत. आठवड्याला अठरा पेशंट हायत, मॅडम. एक पाळी चुकली तर मानूस फुगतंय, दोन चुकल्या तर जातंय.”

“माहीत आहे.”

“मग ऱ्हाऊ द्या. मोबाईलच लिवा.”

“तुरुंगात जाल.”

“एकटाच जाईन की.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. तीस वर्षांत त्यांच्यासमोर माणसं सुटकेसाठी रडली होती, भांडली होती. खोटा दोष मागून घेणारा हा पहिलाच होता. त्याला हो म्हणणं सोपं होतं, आणि याचाच त्यांना राग आला.

त्यांचं बोट ‘अमान्य’वर गेलं आणि तिथेच अडलं.

“मी मोबाईल लिहीन, हसनभाई,” त्या म्हणाल्या. “पण अक्काताईंच्या लेकीने पुन्हा विचारलं, आईपेक्षा फोन मोठा होता का, तर तिला काय सांगाल?”