तूस अडकलेलं बटण

फोनचं बटण अडकलं नसतं, तर संघप्रिया त्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढलीच नसती. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात ती टॉवेलच्या कडा शिवायची. दिवसभर उडणारं सुताचं तूस केसांत, भुवयांवर आणि फोनच्या स्क्रीनखालच्या त्या एकुलत्या एक बटणात!

दुकानदार धम्मदीपनं बटण उघडलं, बारीक ब्रशनं तूस काढलं, फुंकर मारली. मग वर बघितलं... आणि बघतच राहिला, शहाणा.

पुढं दर आठवड्याला बटण अडकायला लागलं. बटण साफ होईस्तोवर चहा यायचा, गप्पा रंगायच्या. खोटं कशाला सांगू, तिला तो लई आवडायला लागला होता. पण गडी बोलायची वेळ आली की मूग गिळून गप्प.

शेवटी एका गुरुवारी तिनंच विषय काढला. रविवारी मंगळवेढ्याची मंडळी तिला बघायला येणार होती. वडलांनी, हरिदासनी, पोहेसुद्धा आणून ठेवले होते.

धम्मदीपचा ब्रश थांबला.

"एक सांगायचं राहिलं," तो खालमानेनं म्हणाला. "हे बटण नसलं तरी चालतं. सेटिंगमधून स्क्रीनवरच बटणं आणता येतात. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"मग का न्हाई सांगितलं?"

त्यानं स्क्रीनवरची बटणं चालू केली, फोन तिच्या हातात दिला आणि आता तिला यायची गरज नाही म्हणाला. संघप्रिया तरातरा निघून गेली. असा राग आला होता की रिक्षातसुद्धा ती त्या बटणांवर बोट आपटत होती. बोटाखाली नुसती गुळगुळीत काच.

शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा हजर. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, ही बटणं काढा, माझं जुनंच चालू करा.

"का? चांगली चालतात की."

"चालतात. पण दाबलं का न्हाई, बोटाला कळतच न्हाई." तिनं फोन त्याच्यापुढं सरकवला. "मला दाबल्यावर टक् करून सांगणारं बटण पाहिजे. आणि... माणूस बी तसाच."

धम्मदीप कानापर्यंत लाल झाला. त्यानं सेटिंग बदललं, जुनं बटण दाबून पाहिलं – टक्. मग किल्ल्या उचलल्या आणि ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानाचं शटर ओढलं.

"कुटं निघालात?"

"तुमच्या घरी. तुम्ही मला आवडता... पहिल्या दिवसापासून. उद्याचे पोहे माझ्यासाठी कराल का, असं काकांना विचारतो."

"आणि बाबा न्हाई म्हणाले तर?"

"तर परत विचारीन. बटण अडकलं म्हणून कुणी फोन फेकून देतं का?"

संघप्रियाला हसू आलं, डोळेही भरले. त्याच्या बाहीवर तिच्याच टॉवेलचं तूस चिकटलं होतं. तिनं ते अलगद चिमटीत धरून काढलं.

"चल मग," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत.