बारावी प्रत

कोड साफ करायचं म्हटलं की ऑफिसातल्या बाकीच्यांना जांभया यायच्या, हिला मात्र उत्साहाचं भरतं यायचं. सगळे तिला ‘कात्री’ म्हणायचे आणि तिला त्या नावाचा अभिमान होता. दुसऱ्याने लिहिलेल्या दोनशे ओळी चाळीस ओळींत बसवायच्या आणि तरी प्रोग्राम पूर्वीसारखाच चालून दाखवायचा, यासारखं सुख नाही, हे ती लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा नवऱ्याच्या तोंडावर सांगायची.

हॉस्पिटलच्या बेलचं काम तिने मागून घेतलं होतं. पेशंटने खाटेशेजारचं बटण दाबलं की सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर खाटेचा नंबर यावा, दिवा लागावा, आणि सिस्टर खाटेपाशी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत बेल वाजत राहावी, एवढाच तो प्रोग्राम. पण वॉर्ड अकरा, आणि प्रत्येक वॉर्डाची फाइल वेगळी. हा प्रोग्राम लिहिणारे मास्तर आता निवृत्त झाले होते. नवा वॉर्ड उघडला की ते जुन्या वॉर्डाच्या फाइलीची प्रत काढायचे, तिला नवं नाव द्यायचे आणि वेळेवर घरी जायचे. पुढे कुठे चूक सापडली की तीच दुरुस्ती अकरा ठिकाणी करायची. माणूस म्हटला की अकरांतली एखादी राहणारच.

राहिली होती ती पाच नंबरच्या वॉर्डाची. गेल्या वर्षी तिचे बाबा तिथेच होते, चौदा नंबरच्या खाटेवर. दुपारी ती औषधं आणायला खाली गेली. रांग मोठी होती. वर आली तेव्हा बाबा गेले होते आणि बटण त्यांच्या मुठीत होतं. सिस्टर दहा पावलांवर बसल्या होत्या, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. बाबांनी बटण दाबलं होतं का, किती वेळा, किती वेळ, याची कुठेच नोंद नव्हती. वर्षभर तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं आणि ते कळायला मार्ग नव्हता. निदान दुसऱ्या कोणाची बेल वाया जाऊ नये, म्हणून ती हात धुऊन त्या फाइलींच्या मागे लागली.

आणि काय रंगली ती त्या कामात! एक वॉर्ड जुळवायचा, टेस्ट चालवायच्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या की जुनी फाइल उडवायची. पंधरा दिवसांत साडेनऊ हजार ओळी गेल्या. शेजारच्या टेबलावरचा तिचा कामातला जोडीदार म्हणाला, “हळू गं, उद्या आम्हालाही उडवशील.”

“तुम्ही डुप्लिकेट असाल तर नक्की,” ती म्हणाली.

अकरा फाइलींची एक झाली, तरी फोल्डरमध्ये एक जुनी प्रत उरलीच. तिने पुन्हा मोजलं. मुळात बारा होत्या.

बारावीला वॉर्डाचा नंबर नव्हता. बाकीच्यांसारखीच होती, शब्दाला शब्द, फक्त एक अट जास्त. खाट रिकामी असेल आणि तरी तिथून बेल आली, तर ती सिस्टरांकडे पाठवू नये, एका यादीत लिहून ठेवावी. अशी यादी कुठेच नव्हती. आणि सगळ्या प्रोग्राममध्ये या फाइलीला कोणीच बोलावत नव्हतं. अशी फाइल ठेवायची म्हणजे नुसती अडगळ. तरी विचारलेलं बरं, म्हणून तिने मास्तरांना फोन लावला. मागे कुठेतरी झारीतून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

“बारावीला हात लावू नकोस,” मास्तर म्हणाले.

“पण मास्तर, ती कुठूनच बोलावली जात नाही.”

“माहितेय मला.”

“मग लिहिलीत कशाला?”

पाण्याचा आवाज थांबला. “मी अकराच लिहिल्या होत्या गं.”

फोन ठेवून ती हसली. वय झालं, विसरले बिचारे. तिने बारावी उडवली आणि टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या झाल्या.

गुरुवारी सकाळी दहा वाजता नवा प्रोग्राम चालू झाला. ऑफिस हॉस्पिटलच्याच आवारात होतं. ती समोरच्या इमारतीतून धावतच पाच नंबरच्या वॉर्डात आली. पहिली बेल वाजली, पडद्यावर तीनचा आकडा उमटला, सिस्टर उठल्या. इतकं साधं, इतकं चोख! तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मोठ्या सिस्टर कधी कोणाचं कौतुक करत नसत. त्या म्हणाल्या, “पूर्वी आकडा यायला वेळ लागायचा. आता बटण दाबलं की लगेच येतो.” तिला आकाश ठेंगणं झालं.

बारा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर चौदा आला.

मोठ्या सिस्टरांनी मान वर केली. चौदाची खाट तिथूनच दिसत होती. गादी गुंडाळलेली, उघड्या लोखंडी पट्ट्यांवर ऊन पडलेलं. बटणाची वायर हुकाला लटकत होती.

“वायर सैल असेल,” त्या म्हणाल्या. जाऊन हिरवं बटण दाबून आल्या. बेल थांबली नाही. वायरमन आला, त्याने चौदाची वायर भिंतीतून उपटून हातात घेतली. बेल वाजतच राहिली.

“मॅडम, आता हिला करंटच नाही,” तो हातातल्या वायरीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात दोन नंबरच्या वॉर्डातून फोन आला, मग आठमधून, मग नऊमधून. सगळीकडे रिकाम्या खाटा वाजत होत्या. मॅनेजर फोनवर ओरडत होता, जुना प्रोग्राम परत टाक, आत्ताच्या आत्ता.

तिला ते नीट ऐकूच येत नव्हतं. ती चौदाची बेल ऐकत होती.

दोन लहान, एक लांब.

थोडं थांबून पुन्हा दोन लहान, एक लांब.

बाबा घरी दाराची बेल अशीच वाजवायचे, म्हणजे आईने आतून ‘कोण आहे’ विचारायचं काम नको. पस्तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

तिला भीती वाटायला हवी होती. पण छातीत उसळला तो आनंदच. शाळा सुटल्यावर फाटकाशी बाबा दिसले की व्हायचा, तसाच. ती चालायला लागली आणि मग पळायला लागली.

“अहो, कुठे निघालात?” सिस्टर मागून म्हणाल्या.

चौदापाशी गारवा नव्हता, वास नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं ऊन.

तिने हिरव्या बटणावर अंगठा ठेवला.

“आले हं, बाबा. रांग मोठी होती.”

बेल थांबली.

बाकीचे वॉर्ड वाजतच होते. तिथे वाजवणाऱ्यांकडे धावून जाणारं त्यांचं कोणी नव्हतं. ती ऑफिसात परतली, जुन्या नोंदींतून बारावी फाइल शोधून काढली आणि होती तशी जागेवर ठेवली. मिनिटभरात सगळ्या बेल शांत झाल्या. मॅनेजर म्हणाला, “ही तर कुणी वापरतही नव्हतं ना?”

यादी आता फोल्डरमध्ये होती. तिने ती उघडली. रिकाम्या खाटांच्याच नव्हे, कोणापर्यंत न पोचलेल्या सगळ्याच बेल तिथे होत्या. गेल्या वर्षीची ती तारीख, चौदा नंबरची खाट, पाच वाजायला वीस मिनिटं असल्यापासून पुढे. एकेक वेळ, आणि प्रत्येकीसमोर ‘उत्तर नाही’. तिने बोट ठेवून मोजलं. सव्वीस वेळा.

सव्वीस हा आकडा कळायला एक वर्ष गेलं होतं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, पोटभर. जोडीदाराने पाण्याचा ग्लास जवळ सरकवला.

यादीत चौदाची शेवटची ओळ आजचीच होती. ‘उत्तर मिळालं.’ तिने यादी बंद केली आणि कित्येक महिन्यांनी त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती उत्साहाने कामावर आली. साडेनऊ हजार ओळींची घाण गेली होती, बेल लखलखीत चालल्या होत्या, आणि उरलेली एक जास्तीची प्रत तिला आता डोळ्यांत खुपत नव्हती. मोठ्या सिस्टरांचाही फोन आला. “सगळं छान चाललंय हं. चौदावर नवीन पेशंट आलाय, अपघाताचा. दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत. तो काय बेल दाबणार? त्याचं बटण आम्ही लावलंच नाही.”

“बरं केलंत,” ती म्हणाली.

तेवढ्यात जोडीदार तिच्या पडद्यावर वाकला. “काय गं, तू तर एकच ठेवणार होतीस. बारावी परत आली ते कळलं. ही तेरावी कुठली?”

तिने पाहिलं. फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती. बारावीचीच प्रत, शब्दाला शब्द, फक्त अट वेगळी. पाच नंबरचा वॉर्ड, खाट चौदा. तिथे कोणीही असो वा नसो, बेल सिस्टरांकडे पाठवू नये. पुढे एका मोबाइलचा नंबर होता. तिचाच.

“मी एकच लिहिली होती,” ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला मास्तरांचा आवाज आठवला.

एरवी तिने ती प्रत तिथल्या तिथे उडवली असती. तिचं बोट डिलीटच्या बटणापर्यंत गेलंसुद्धा. मग तिने हात मागे घेतला.

टेबलावरचा मोबाइल थरथरला.

दोन लहान. एक लांब.

ती उठली. लिफ्टची वाट न बघता, लहान मुलीसारखी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत ती हॉस्पिटलकडे धावली. पाच नंबरच्या वॉर्डात चौदाच्या खाटेवरचा माणूस गाढ झोपला होता. प्लास्टरमधले त्याचे दोन्ही हात चादरीवर सरळ ठेवलेले होते. उजव्या प्लास्टरच्या टोकाशी बोटं दिसत होती, आणि ती कशाभोवती तरी घट्ट मिटलेली होती.