एकसष्टावं मिनिट

एकसष्टाव्या मिनिटाला तो उठला, आणि नायरीने मांडीवरच्या तक्त्यात खूण केली — पुरुष, तिशीच्या आतला, एकटा.

हेच तिचं काम होतं. चित्रपट पुरा व्हायच्या आधी तो दोन-तीनदा लोकांना फुकट दाखवायचा, शेवटी त्यांच्याकडून कार्डं भरून घ्यायची, आणि मग कात्री कुठे लावायची ते ठरवायचं, अशी या धंद्याची रीत. कार्डं वाचणारे दुसरे होते. संख्याशास्त्राची पदवी घेऊन नायरी सरकिस्यान शेवटच्या रांगेत अंधारात बसायची आणि कोण कितव्या मिनिटाला उठून बाहेर गेलं ते टिपायची. उठलेला माणूस परत यायच्या आत बाहेर जाऊन त्याला हळूच कारणही विचारायचं असे.

शनिवारची सकाळ होती. बरबँकच्या त्या थिएटरात चारशे माणसं होती, त्यांतली निम्मी पोरं, आणि प्रत्येक पोराच्या हातात त्याच्या डोक्याएवढा कोकचा ग्लास. पडद्यावर एक कुटुंब मोडक्या यानात बसून, गुरूच्या बर्फाळ चंद्रावर अडकलेल्या आजीला आणायला निघालं होतं. सोबत एक भांडकुदळ यंत्रमानव. सगळं ठीक होणार, हे पहिल्या दृश्यापासून कळत होतं, आणि तरीही लोक खुर्चीच्या कडेवर बसले होते.

ती बाहेर आली. तो बाथरूमकडे गेलाच नव्हता. दाराला कान लावून, डोळे मिटून उभा होता.

"माफ करा, एक विचारू? कंटाळा आला म्हणून उठलात का?"

"श्श..." त्याने बोट वर केलं. "आता कुणीतरी खोकेल." तो थांबला. आतून काहीच आलं नाही. "नाही खोकलं. बरं झालं."

"तुम्ही इथून ऐकताय?"

"आत बसून बघवत नाही हो."

नायरीने लिहिलं — बघवत नाही.

"अहो, ते लिहू नका. हा प्रसंग मी जोडलाय. मी टॅड. संकलनाच्या खोलीतला सहायक."

"म्हणजे तुम्ही प्रेक्षक नाही."

"नाही."

"मग माझी खूण चुकली." तिने रबर काढलं आणि खूण खोडली. आधी आडवं, मग उभं, मग फुंकर. तो हे सगळं पाहत होता.

"इतकं नीट मला आजवर कुणी खोडलं नव्हतं," तो म्हणाला.

ती हसली नाही. पण कागदाचा तो कोपरा तिने उगाच आणखी एकदा पुसला.

"खेळ संपल्यावर कॉफी घ्यायला याल?" त्याने विचारलं.

"बहुतेक."

"तुमची कार्डं मी वाचलीयत. 'मित्रांना हा चित्रपट सुचवाल का?' त्यात 'बहुतेक हो' म्हणणाऱ्यांना तुम्ही धरतच नाही. फक्त 'नक्की'वाले मोजता."

"बरोबरच आहे. माणूस बहुतेक म्हणतो आणि करत काहीच नाही."

"मग?"

दाराच्या फटीतून पोरांचं एकदम हसू आलं. नायरीचे कान गरम झाले होते.

"...नक्की," ती म्हणाली.

*

ऑक्टोबरात वाळवंटाकडून तो कोरडा, गरम वारा सुटला. केसांना हात लावला की ठिणगी उडायची, अंगणांतली ताडाची झापं रस्त्यात येऊन पडायची. ती दोघं ग्लेंडेलच्या आर्मेनियन बेकरीत तंदुरातून निघालेला लाहमाजुन, म्हणजे खिमा पसरलेली पातळ रोटी, दुमडून खायची, आणि टॅड दर वेळी खिमा शर्टावर सांडायचा.

"तुझ्या हातात कात्री कशी देतात?" नायरी विचारायची.

"कात्री कुठली, बटणं असतात. ती सांडत नाहीत."

तो टोलेडोचा, ओहायोतला. थोरला भाऊ छपरं घालायचा धंदा करी आणि दर नाताळात विचारी, की बाबा, तुझं नाव पडद्यावर दिसेल एवढं मोठं कधी होणार? टॅडने स्वतःला तिशीपर्यंतची मुदत दिली होती. जानेवारीत तिशी पुरी होत होती.

आणि सगळं त्या एका प्रसंगावर येऊन ठेपलं होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. बर्फ फुटतो, यान खालच्या समुद्रात पडतं, अकरा मिनिटं नुसती खळखळ, आरडाओरडा, पाणी... आणि मग शांतता. यानातली दहा वर्षांची पोर झोपलेल्या बापाचा फाटका हातमोजा शिवत बसते. कुणी बोलत नाही. मुख्य संकलक आजारी पडली तेव्हा हा प्रसंग टॅडने एकट्याने जोडला होता. दिग्दर्शिकेने तो पाहिला आणि म्हणाली, हा शेवटपर्यंत टिकला, तर माझ्या पुढच्या चित्रपटाचा संकलक तू.

"शांतता दोन तऱ्हेची असते," एकदा गाडीत बसल्या बसल्या तो म्हणाला. "एकीत लोक श्वास धरतात. दुसरीत पॉपकॉर्न शोधतात."

"ती मोजतोस कशी?"

"मोजत नाही."

"मग कळतं कसं?"

त्याने तिचं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर बोट ठेवलं. "डोळे मिट. ती सुई ओढते... दोरा ताणतो... अजून नाही... अजून नाही..." बोट उचललं. "इथे कापायचं."

"इतक्या लवकर?" नायरी म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"बघ. तुला आणखी थोडं हवं होतं. तिथेच कापायचं असतं."

मोजता न येणाऱ्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण घरी जाऊन तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहिलं. ठोका नेहमीसारखाच पडत होता, नुसता थोडा घाईत.

आईच्या लक्षात यायला दोन आठवडे पुरले. "नायरी जान, बेकरीवाला सांगत होता. मुलगा आपल्यातला आहे की ओदार?"

"ओदार. अगदी परका. ओहायोचा."

"खातो का नीट?"

"सांडतो."

"मग चालेल," आई म्हणाली. "जो सांडतो तो लपवत नाही."

*

नोव्हेंबरात दुसरा खेळ झाला. आदल्या संध्याकाळी टॅडने गाडी तिच्या दारापाशी थांबवली, पण दार उघडायला हात पुढे केला नाही.

"मागच्या वेळी तुझ्या तक्त्यात काय होतं ते मी विचारलेलं नाही."

"विचारू नकोस. सांगायची परवानगी नाही."

"नाही विचारत. एवढंच म्हणतो... तुला जे दिसेल ते लिही. माझ्याकडे बघून काही लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी तेवीसजण उठले. त्यांतले चौदा त्याच दोन मिनिटं चाळीस सेकंदांत. चौदापैकी बारा पोरं, आणि ती इतक्या घाईत पळाली की कारण विचारायला एकही हाती लागलं नाही. 'नक्की सुचवू' म्हणणारे शंभरात एकाहत्तर भरले. स्टुडिओला पंच्याहत्तर हवे होते.

सोमवारी दुपारी नायरीने तक्ता तयार केला आणि त्याखाली तीन ओळींची तळटीप घातली. पोरं प्रसंगाला कंटाळून उठली नसावीत. त्याआधी अकरा मिनिटं पाण्याचा आवाज आहे, आणि हातात कोकचे मोठे ग्लास. लघवीला लागलेली असते, पण यान बुडतं का वाचतं ते कळेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. शांतता झाली की उठतात. तिथे दुसरा कुठलाही प्रसंग असता तरी बहुधा उठलीच असती.

तिची वरिष्ठ लोरेटा वीस वर्षं या कामात होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"हे सिद्ध करता येईल?"

"तो प्रसंग काढून पाहिला तर."

"म्हणजे येत नाही." लोरेटा तिच्याकडे बघत राहिली. आवाज मायेचाच होता. "एक विचारू? तुला स्वतःला तो प्रसंग आवडतो, हो ना?"

नायरीला आपला चेहरा तापलेला कळला.

"आवडतो."

"मग पोरी, तू पंच नाहीस, त्या गटातली आहेस. आपल्याला आवडतं त्याची वकिली करायला आपल्याला ठेवलेलं नाही. ठेवायची तर ठेव, तक्ता तुझा आहे. मी हात लावणार नाही."

लोरेटा कॉफी आणायला गेली. नायरीने त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. त्यांत तिला चूक सापडेना. पण तिचं मनगट तिच्याच हातात होतं, आणि एखाद्या माणसासाठी ठोका असा पडत असताना आपल्याला जे दिसतं ते खरंच तिथे असतं का, हे तिला सांगता येईना. महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवलेलं: जे खरं निघावं असं तुला वाटतं, त्याच्यावर सगळ्यात जास्त संशय घे.

तिने त्या ओळी खोडल्या. तितक्याच नीट.

*

गुरुवारी टॅडचा फोन आला. "प्रसंग काढला," तो म्हणाला. "चौदा जणांनी मारलं मला. त्यातली बारा तर माझ्या कमरेएवढीपण नसतील."

"टॅड..."

"अगं, ठीक आहे. तू लिहिलंस ते खरं होतं. मीच म्हणालो होतो ना तुला." तो हसला. "भाऊ खूश होईल. छपरावर चढायला एक माणूस कमी पडतोय त्याला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. पण बोलायचं काय? एक अंदाज होता, तो मी स्वतःच पुसला, म्हणून? सिद्ध तर काहीच नव्हतं. "संध्याकाळी बेकरीत ये," एवढंच ती म्हणाली. तो आला, खाल्लं, आणि पहिल्यांदाच शर्टावर काही सांडलं नाही.

डिसेंबरात तिसरा खेळ लागला. शेवटही बदलला होता. यंत्रमानव आधीच्या शेवटात समुद्रातच राहायचा, तो आता भांडत भांडत घरी परतत होता. हातमोजा नव्हता. पाणी संपलं की थेट यंत्रमानवाचा विनोदी प्रसंग — रंग, गाणं, धावपळ. पोरं खदाखदा हसत होती.

आणि हसत हसत उठत होती.

नायरीने एक खूण केली. दुसरी केली. पुढच्या रांगेतली दोघं भावंडं, मग एक बाप कडेवर पोर घेऊन, मग लाल स्वेटरची मुलगी, पाय आवळून... एकसष्टावं मिनिट, बासष्टावं मिनिट. पंधरा. चौदा नव्हे, पंधरा. तिने त्या खुणा दोनदा मोजल्या. प्रयोग झाला होता, बिनचूक झाला होता, आणि ज्यासाठी करायचा तोच शिल्लक नव्हता.

ती बाहेर आली. टॅड तिथेच होता, पण दारापासून लांब, भिंतीला टेकून. हे त्याचं शेवटचं काम होतं. समोरून पोरं बाथरूमकडे पळत होती.

"आज पण?" तो म्हणाला. "आता तर मी आत नाही."

"पंधरा उठले."

"विनोद नाही आवडला?"

"आवडला. पोट धरून हसत उठले. टॅड, ते पाण्यामुळे उठतात. आधीही पाण्यामुळेच उठले होते. तुझ्या प्रसंगामुळे नाही."

एक पोरगा ओले हात हवेत झटकत दोघांच्या मधून पळाला.

"हे तुला आत्ता कळलं," टॅड म्हणाला. प्रश्न नव्हता, विनवणी होती.

तिला 'हो' म्हणता आलं असतं. एवढासा शब्द. त्याने विश्वासही ठेवला असता.

"नाही. मी तेव्हाच लिहिलं होतं. तीन ओळी. मग मीच खोडल्या."

"लोरेटाने सांगितलं?"

"नाही. तिने माझ्यावर सोडलं होतं."

"मग का?"

नायरीने तक्ता छातीशी धरला. "मला वाटलं, मला तसं दिसतंय कारण... माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून. म्हणून मी ते धरलं नाही."

आत गाणं टिपेला पोचलं होतं. चारशे माणसं टाळ्यांचा ठेका धरत होती. टॅडने डोकं मागे भिंतीला टेकवलं.

"हे तू आज पहिल्यांदा बोललीस."

"हो."

"महिनाभर वाट बघत होतो. वाटायचं, गाडीत बोलेल, बेकरीत बोलेल... आणि बोललीस तेही कारण म्हणून."

"मला निःपक्षपाती राहायचं होतं, टॅड."

"राहिली नाहीस ना पण. माझ्या विरुद्ध झालीस. माझ्याकडे बघून लिहू नकोस म्हणालो होतो, नायरी. तू माझ्याकडे बघून खोडलंस."

त्याच्या बोलण्यात तिला चूक सापडेना.

त्याने तिच्या हाताला स्पर्श केला, मनगटाला नाही, तक्ता धरलेल्या बोटांना. "आत जा. तुझी खूण चुकेल." आणि तो जिन्याकडे वळला. सावकाश गेला, मागे पाहिलं नाही.

ती आत गेली. खुणा चुकल्या नाहीत.

*

'नक्की सुचवू' म्हणणारे शंभरात ब्याऐंशी भरले. कार्डांवर पोरांनी वाकड्या अक्षरांत एकच लिहिलं होतं: यंत्रमानव घरी आला म्हणून. लोरेटाने सगळ्यांना डोनट आणले.

या वेळी नायरीने त्या ओळी तळाशी घातल्या नाहीत. पानाच्या माथ्यावर, पहिल्याच वाक्यात घातल्या: आधीच्या खेळातला निष्कर्ष चुकीचा होता, काढलेला प्रसंग निर्दोष होता, पुरावा सोबत आहे. लोरेटाने वाचलं आणि राहू दिलं. "राहू दे गं," ती म्हणाली. "आकडा असा आला की आतली पानं कुणी उघडत नाही."

खरंच कुणी उघडली नाहीत. चित्रपट तसाच कुलूपबंद झाला, आता त्यात काही बदलायचं नव्हतं.

ते पान टॅडला पाठवायची परवानगी नव्हती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नायरीने ते पाठवलं. दोन्ही खेळांचे तक्ते, मिनिटामिनिटाच्या खुणा, आणि पाण्याचा आवाज सुरू होतो कुठे, संपतो कुठे याची आकृती. खाली आणखीही काही लिहायला घेतलं होतं, पण तिथे शब्द फार झाले आणि पुरावा काहीच नव्हता, म्हणून ते राहिलं.

तो टोलेडोत होता. तिकडे बर्फ पडत असणार, छपरांची कामं बंद असणार, वाचायला वेळ असणार. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"सगळं तपासलं," त्याने लिहिलं होतं. "बरोबर आहे."

नायरीने ते खालपर्यंत सरकवून पाहिलं. आणखी काही नव्हतं.