मुंजाजीची जबानी

शहात्तर सालच्या पौषातली अमावस्या, शुक्रवारची रात्र. आमचे चुलते दिनकरराव तेव्हा जिंतूरला तहसिलात कारकून होते. ज्याच्यावर बेतलं त्याच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो.

वेठबिगारी बंद करायचा सरकारी वटहुकूम नुकताच निघाला होता. कुणाला अडकवून राबवायचं नाही, राबत असेल त्याला मोकळं करायचं. त्याच चौकशीसाठी दिनकरराव देवगाव फाट्यावर एसटीतून उतरले आणि दोन कोस चालत एका गावात गेले. तिथले जमीनदार आबासाहेब. त्यांनी चहा पाजला, गडी-बाया ओळीनं उभ्या केल्या. जो तो जमिनीकडं बघत एकच सांगायचा, आमी खुशीनं राहतोत. कुसुमबाई नावाची बाई तर बोललीच नाही. तिचा नवरा पाच वर्षांमागं पळून गेला, त्याच्या बदली ती राबते, असं आबासाहेबच म्हणाले.

दिवस मावळला. परतीची गाडी नव्हती. आबासाहेबांनी झोपायची सोय शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी केली. एक खोली, एक दार, खिडकी नाही. गडी कंदील ठेवून गेला आणि बाहेरून कडी पडली. रात्री कुणी येऊन साहेबाच्या कानाला लागू नये, म्हणून.

दिनकररावांनी दार ठोठावलं. हाका मारल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

मग कंदील विझला. रॉकेल होतं, तरी विझला.

कोपऱ्यातून कुणीतरी बोललं, "सायेब, माझी बी जबानी लिवा."

"कोण?"

"मुंजाजी."

इथं कधीपासून आहेस, असं दिनकररावांनी विचारलं. नुसता श्वास... जवळ येणारा.

"मी पळालो न्हाई, सायेब. मला बांधलंय. एवढा डावा पाय सोडा..."

माणूसच आहे, आपल्यासारखा कोंडलेला, असं समजून ते अंधारात सरकत गेले. हाताला पाय लागला. गार. त्याला दावं, जनावराला बांधतात तसलं. त्यांनी गाठ सोडली. खाली दुसरी गाठ. तीही सोडली. तिसरी... नखं सोलली. गाठ संपेना. हात काढून घ्यावा म्हटलं...

हात निघेना.

पहाटे कडी निघाली. शेण काढायला आलेल्या कुसुमबाईनं दार उघडलं होतं. खोलीत दिनकरराव एकटेच.

"मुंजाजी कोण?" त्यांनी विचारलं.

बाईच्या डोक्यावरची पाटी खाली आली. माझ्या नवऱ्याचं नाव तुमाला कुणी सांगितलं, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. दिनकररावांनी रात्रीचं सगळं सांगितलं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. रडली नाही. पदर खोचून म्हणाली, "लिवा. मी सांगते."

ती बोलली, मग बाकीच्यांचीही तोंडं उघडली. उन्हाळ्याच्या आत सतरा जण मोकळे झाले. कुसुमबाई तिच्या भावाच्या गावी, सोनपेठकडं गेली. पोलिसांनी आखाड्याची जमीन कमरेइतकी उकरली. काही सापडलं नाही.

दिनकरराव मागच्या साली वारले, म्हातारे होऊन, झोपेत. शेवटची अंघोळ घालायला मी होतो. पायावर पाणी ओतलं, आणि हात थांबला.

डाव्या घोट्याभोवती दाव्याचा वळ होता. ताजा. अजून रक्तानं ओला.