निरर्थक अक्षरे

नरहरशास्त्री आठल्ये यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून निःशंक फिरत होता. सामगायनात स्वर कंठातून निघतो, तसाच तो हातावरही दाखवावा लागतो. मागे कंपवाताने तो हात गेला होता आणि राजापूरची त्यांची पाठशाळा ओस पडली होती. पुढे त्यांच्या मुलीने, वैजयंतीने, प्रयोगशाळेत सिद्ध केलेले शमनबिंदू, म्हणजे औषधाचे थेंब, दर सोमवारी नाकात पडू लागले आणि कंप थांबला.

पेशींत काही लांबलचक आरएनए असे असतात, की ज्यांपासून एकही प्रथिन घडत नाही. त्यांतला एक शास्त्रीबोवांच्या मेंदूत अतोनात वाढला होता; थेंबांनी त्याला मुके केले. “जो काही घडवतच नाही, तो गप्प बसल्याने बिघडणार काय?” असे वैजयंती औषध तपासणाऱ्या परीक्षकांना म्हणाली होती.

आज ती कुपी घेऊन ओटीवर आली, तेव्हा गायन चालले होते. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. ऋचेतील प्रत्येक शब्द शुद्ध, प्रत्येक स्वर जागच्या जागी. पण ‘हाउ’, ‘औहोवा’ ही निरर्थक अक्षरे, ज्यांना स्तोभ म्हणतात आणि ज्यांच्यावाचून सामाला सामपण नाही, ती कुठेच नव्हती.

“बाबा, स्तोभ गाळलेत?”

“त्यांना अर्थ कुठे आहे?”

लहानपणी तिने हेच विचारले म्हणून त्यांनी तिच्याकडून सबंध सकाळ नुसते स्तोभ घोकून घेतले होते.

ती आत गेली. आई तांदूळ निवडत होती. वैजयंतीने गळलेल्या स्तोभांचे सांगितले.

“तुला आज कळलं होय! मला गणपतीपासून ठाऊक आहे.”

“म्हणजे?”

“लग्न झाल्यापासून ‘अगं ए, ऐकलंस का’ म्हटल्याशिवाय या माणसाने पाणी मागितलं नाही. आता म्हणतात, ‘उमा, पाणी.’ हजेरी घेतल्यासारखं! मीही ‘हजर’ म्हणून तांब्या नेते.” आई हसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

वैजयंतीला उमगले, तो आरएनए स्वतः काही घडवत नव्हता. पण स्तोभांसारखाच, घडलेल्यांना एकमेकांजवळ धरून ठेवत होता. थेंब थांबवले तर कदाचित तो पुन्हा जागा होईल. हात मात्र निश्चित कापू लागेल.

ओटीवर शास्त्रीबोवांनी मान मागे टेकली. “दे.”

“बाबा, थांबवू या का हे?”

“का?” त्यांनी आपला स्थिर हात तिच्यापुढे धरला. “माझं कुठे काही चुकलं का?”

दारात आई येऊन उभी राहिली होती. ज्याला उणीव जाणवतच नाही, त्याला ती कोणत्या शब्दांत सांगावी?