रंगपेटीतला खोटा पिवळा

"तुझ्या जेजुरीत पिवळा रंगच नाही," ओरूक म्हणाला, आणि म्हाळूच्या हातातला लाडू हातातच राहिला.

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर तिनं हसण्यावारी नेलं असतं. जेजुरीत पिवळा नाही म्हणजे समुद्रात पाणी नाही! गडाच्या पायऱ्या पिवळ्या, दीपमाळा पिवळ्या, माणसांची कपाळं पिवळी, अंगणात लोळणाऱ्या कुत्र्यांच्या पाठीसुद्धा पिवळ्या. खंडोबाच्या नावानं तिथं भंडारा, म्हणजे हळदीची पूड, मुठी भरभरून उधळतात. पण हे बोलला होता ओरूक. तो आला होता दुसऱ्या एका ताऱ्याच्या ग्रहावरून, आणि खोटं बोलायचं कसं हे त्याच्या ग्रहावर कुणाला ठाऊकच नव्हतं.

ओरूक म्हाळूच्या आबांकडे उतरला होता. आबांनी सारा जन्म प्रकाशाचा अभ्यास करण्यात घालवला होता, म्हणून पाहुणा त्यांच्या वाट्याला आला. दिसायला तो ताडमाड, सावकाश चालणारा, आणि गळ्यात एक डबी. त्याच्या मनातलं ती डबी मराठीत बोलून दाखवायची. उद्या सकाळी तो परत जाणार होता, आणि जाताना म्हाळूची हलती चित्रं सोबत नेणार होता. त्याच्या ग्रहावरच्या पोरांना पृथ्वी दाखवायची होती ना!

म्हाळूनं अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्यापायी घालवली होती. संगणकावर एकेक चित्र काढायचं, पुढच्यात किंचित बदल करायचा, असं करत करत तिनं गड चालता-बोलता केला होता. प्रत्येक दृश्याची रंगपेटी (त्या दृश्यात वापरायच्या रंगांचा ठरवून केलेला संच) वेगळी. कारण हळद एकच असली तरी दुपारच्या उन्हात ती डोळे दिपवते, संध्याकाळी विटकरीकडे झुकते, आणि गाभाऱ्यात समईच्या उजेडात तुपासारखी दिसते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज गडावर उंडारणाऱ्या पोरीला एवढं दिसणारच की.

आणि तरी म्हणे पिवळा नाही!

तिला वाईट वाटलं ते आणखी एका गोष्टीचं. पहिल्या दिवशी पायरीवर पाय ठेवताच ओरूकच्या अंगावर भंडारा पडला होता. तेव्हा त्यानं दोन्ही हात वर करून शेजारच्या माणसांसारखं "येळकोट" म्हटलं होतं, आणि सगळी पायरी हसली होती. आज तिची चित्रं पाहताना मात्र तो मुका बसून राहिला. त्याच्या ग्रहावरची पोरंही अशीच मुकी बसणार!

आबांनी तिला जवळ बोलावलं. तिच्याच चित्रातला भंडारा त्यांनी संगणकाच्या पडद्यावर मोठा केला, बोट पाण्यात बुडवलं आणि पडद्यावर एक बारीकसा थेंब ठेवला. त्यातून बघ म्हणाले. पाण्याचा थेंब भिंगाचं काम करतो.

म्हाळूनं डोळा जवळ नेला आणि दचकून मागे सरली. थेंबाखाली पिवळं काही नव्हतंच. लाल ठिपके होते आणि हिरवे ठिपके होते. तिनं थेंब पुसला, पिवळा परत आला. दुसरा थेंब ठेवला, पुन्हा लाल आणि हिरवे. भूत पाहिल्यासारखी ती आबांकडे बघत राहिली.

मग आबांनी नीट उलगडून सांगितलं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी (डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, रंग टिपणाऱ्या पेशी) तीनच प्रकारच्या. खरा पिवळा प्रकाश आला की त्यातल्या दोन प्रकारच्या एकदम जाग्या होतात, लाल टिपणाऱ्या आणि हिरवा टिपणाऱ्या. पडदा काय करतो, तर पिवळा पाठवतच नाही. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी पाठवतो. पेशी त्याच दोन जाग्या होतात आणि मेंदू म्हणतो, आला बरं का पिवळा!

"पेटीवर सा आणि प एकदम दाबले, तर कानाला दोन्ही सूर वेगळे कळतात," आबा म्हणाले. "डोळ्याला तसं कळत नाही, तो दोन्हींचा मिळून एकच रंग करून टाकतो. ओरूककडे मात्र सोळा प्रकारच्या पेशी आहेत. त्याचा डोळा आपल्या कानासारखा आहे."

म्हाळूला धक्क्यावर धक्के बसत होते. म्हणजे टीव्हीत पाहिलेली सूर्यफुलं, आंबे, लिंबं, सगळ्यांत पिवळ्याचा पत्ताच नाही? आणि आजवर एकालाही हे खटकलं नाही? आबा म्हणाले, कसं खटकेल, पडदे आपल्याच डोळ्यांच्या मापानं शिवलेत.

ती ताडकन उठली. भंडाऱ्यातला पिवळा ओरूकला दिसतो ना? मग चित्रं हळदीवरच दाखवायची! आबांनी मान हलवली. हळद स्वतःचा प्रकाश देत नाही, अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही परत फेकते, एवढंच. उन्हात खरा पिवळा असतो, म्हणून हळद तो देते. प्रोजेक्टरमधून निघणार लाल, हिरवा आणि निळा. त्यात पिवळा नाहीच, तर हळद आणणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

म्हाळू ऐकणारी नव्हती. तिनं कपाटातली पांढरी चादर हळदीच्या पाण्यात बुचकळली. आईनं कपाळावर हात मारला, कारण चादर कोरी होती. चादर वाळल्यावर खिडक्या लावून खोलीत अंधार केला, चादर भिंतीवर ताणली आणि चित्रं सुरू झाली.

भंडारा उधळला गेला. ओरूकनं सावकाश मान हलवली. लाल आणि हिरवा, तेवढंच. आबांचंच खरं झालं होतं. म्हाळूचे डोळे भरून आले आणि ती प्रोजेक्टर बंद करायला वळली.

तेवढ्यात दुपारचं दृश्य आलं. गडावर निळंभोर आभाळ. आणि ओरूक उभाच राहिला.

"पिवळा," डबी म्हणाली. "तिथं, आभाळात."

त्याचं लांब बोट चादरीवरच्या आभाळाकडे होतं. म्हाळूनं नीट पाहिलं. तिथं निळा नव्हताच, लिंबाकडे झुकलेला पिवळा पसरला होता. चादरच पिवळी आहे म्हणून तसं दिसत असेल, असं तिला वाटलं. पण आबा खुर्चीला धरून उभे राहिले होते, आणि त्यांचा चेहरा पाहून तिला जास्त धक्का बसला. आबांना चकित झालेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"हळद निळा प्रकाश गिळून टाकते," ते पुटपुटले. "तिथं काळं दिसायला हवं होतं."

एकाएकी त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली, कपाटातून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च काढला आणि वाटीतल्या हळदीवर धरला. अंधारात ती हळद स्वतः दिवा लागल्यासारखी पिवळट चमकायला लागली. म्हाळू वाटीवर वाकली. पोळ्यांच्या डब्याशेजारी रोज बसणारी ही हळद!

आबा म्हणाले, माझंच चुकलं, मी निम्मीच गोष्ट सांगितली. हळद निळा-जांभळा प्रकाश गिळते हे खरं, पण गिळून गप्प बसत नाही. त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेल्या ऊर्जेतून ती नवा, कमी ऊर्जेचा प्रकाश बाहेर टाकते. याला प्रतिदीप्ती (एका रंगाचा प्रकाश गिळून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणं) म्हणतात. निळ्यापेक्षा हिरव्याची ऊर्जा कमी, पिवळ्याची त्याहून कमी. म्हणून हळदीतून हिरव्यापासून पिवळ्यापर्यंतचा सलग प्रकाश निघतो, आणि त्यातला पिवळा अगदी खरा, कुठल्या मिश्रणाचा नाही.

म्हाळू कधीच संगणकाशी जाऊन बसली होती. पण शेकडो चित्रं पुन्हा रंगवायची, तीही उद्या सकाळच्या आत? आबांना तीच काळजी पडली. म्हाळू म्हणाली, छे, चित्रात रंग नसतोच मुळी. चित्राला फक्त रंगपेटीतल्या खणाचा नंबर माहीत असतो. भंडारा खण सातमधून रंग घेतो, मग सातमध्ये काही का भरेना. खण बदलला की त्या दृश्यातली सगळी चित्रं आपोआप बदलतात.

तिनं प्रत्येक दृश्याची रंगपेटी उघडली आणि पिवळ्याच्या खणात नुसता निळा भरला. उन्हासाठी लख्ख निळा, गाभाऱ्यासाठी मंद निळा. आता आभाळाचं काय? हळदीच्या चादरीवर निळा उमटणारच नाही. मग तिनं आभाळाला लाल देऊन दुपारची पहाट केली. पडद्यावर तिची जेजुरी आता निळीच निळी दिसत होती. आई डोकावली आणि पोरीनं देवाचं हे काय करून ठेवलंय म्हणून हबकली.

पुन्हा अंधार केला. चादरीवर लाल पहाट उगवली, पायऱ्यांवर माणसं चढू लागली, त्यांचे हात वर गेले आणि मुठी उघडल्या. संगणकातून निघालेला निळा चादरीवर पोचला आणि भंडारा होऊन उधळला गेला. खोली पिवळ्या उजेडानं भरून गेली.

म्हाळू चित्रांकडे पाहतच नव्हती. ती ओरूककडे पाहत होती. तो बराच वेळ हलला नाही.

मग ओरूकचे दोन्ही हात हळूहळू वर गेले.

"येळकोट," डबी म्हणाली.

सकाळी चादरीची घडी, चित्रं आणि प्रोजेक्टर असं सगळं त्याच्या यानात नीट ठेवलं. निघताना ओरूक म्हणाला, की हळदीत आणखीही रंग आहेत, जे म्हाळूताईच्या डोळ्यांना दिसत नाहीत. पुढच्या खेपेला ते दिसतील अशी काही युक्ती तो शोधून आणणार होता. यान दिसेनासं झाल्यावर म्हाळू घरी आली, रंगपेटी उघडली आणि तिच्या शेवटी एक नवा खण जोडला. त्यात भरायला तिच्याकडे अजून काही नव्हतं. तिनं तो तसाच रिकामा ठेवला.