दोन्ही नको

१९६४च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रातून सुटी काढून मी रोहिणखेडला घरी आलो, तेव्हा रंगारी गुलजार बाळंतिणीच्या खोलीत भिंतीवर दोन पट्टे ओढत होता. एक पिवळ्या मातीचा, पिवडीचा, एक निळीचा. चुन्यातला रंग वाळल्याशिवाय कळत नाही. म्हणून आमच्या घरी आधी पट्टे ओढायचे आणि जिचं बाळंतपण तिनेच रंग निवडायचा, अशी रीत.

तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी बहीण कोकिळा उंबऱ्याबाहेर उभी होती.

पहिल्या खेपेला तिने पिवळा निवडला होता. लेकरू बारशाआधीच पिवळं पडत गेलं आणि संपलं. दुसऱ्या खेपेला निळा. ते जन्मलंच निळं, रडलं नाही.

"कावीळ होते लहान मुलांना," मी म्हणालो. "नाळ आवळली की बाळ निळं पडतं. भिंतीचा काय संबंध?"

"तुह्या पेपरात छाप ते, दादा. मले नको सांगू."

"बोल बाई," गुलजार म्हणाला. "चुना घट्ट होऊन राह्यला."

"दोन्ही नको. पांढराच मार."

"पांढरा?" माय म्हणाली. "दवाखाना हाय काय वं हा?"

"दोन्ही नको म्हनलं ना!"

गुलजारने पट्टे खरवडून निव्वळ चुन्याचे हात दिले. खोली लख्ख झाली. कोकिळा आत आली, खाटेवर बसून पोटभर जेवली.

दुपारी भिंत वाळू लागली, तशी डावीकडे पिवळसर झाक दिसली. जुना रंग वर येत असावा, असं मी म्हणालो. गुलजारने आणखी एक हात मारला.

झाक गडद झाली. उजवीकडून निळी निघाली.

गुलजारने कुंचा पुढे धरला. पांढराशुभ्र होता. "म्या काहीच नाही मिळवलं, भाऊ. अल्ला कसम."

दोन्ही रंग भिंतीच्या मधोमध येऊन थांबले. मिसळले नाहीत. मधली रेघ सरळ होती.

मी हात लावून पाहिला. पिवळी बाजू तापाच्या अंगासारखी कढत. निळी थंडगार.

"म्या तर दोन्ही नको म्हनलं," कोकिळा पुटपुटली.

तेवढ्यात सुईण भिमाबाई आली. आम्ही दोघे पुरुष दाराबाहेर सरलो. तिने कोकिळेला आडवी केली, पोट चाचपलं. थांबली. पुन्हा चाचपलं. मग हसली.

"अवं, दोन डोकी लागून राह्यली हाताले. जुळं हाय!"

माय साखर आणायला धावली.

कोकिळा भिंतीकडे पाहत होती. तिचा हात पोटाच्या डाव्या बाजूवर होता. जरा वेळाने तिने तो उचलून उजवीकडे ठेवला.